सवय, अंमल आणि व्यसन : अफूवर्गीय वेदनाशामकांच्या इतिहासातील एक शब्दगोंधळ

प्रास्ताविक

आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सहकारी मणक्याच्या दोन शस्त्रक्रियांनंतर अंथरुणाला खिळले होते. इतर सर्व औषधे निष्फळ ठरल्यावर डॉक्टरांनी त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. चार महिन्यांत सर काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले, संध्याकाळी नातवाला उर्दू वाचायला शिकवू लागले. मग एका ईदच्या सुटीत औषध आणायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी सरांना दरदरून घाम सुटला, जांभयांवर जांभया येऊ लागल्या, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले, पोटात कळा उठल्या. घरच्यांनी निष्कर्ष काढला, अब्बांना लत लागली. गोळ्या कायमच्या बंद करण्यात आल्या. आठवडाभराने सर फोनवर मला म्हणाले, ‘मियाँ, तुम्ही दोन्ही भाषा शिकवता. सांगा, मी अफीमची झालो का?’

मला उत्तर देता आले नाही. पुढे त्यांच्या डॉक्टरांनी घरच्यांची समजूत घातली आणि उपचार पुन्हा सुरू झाले. पण तो प्रश्न माझ्याकडे राहिला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने घेतलेला शोध आहे. शरीराला औषधाची सवय होणे आणि माणूस व्यसनाधीन होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत कोणी, केव्हा व कशी केली, आणि त्या गल्लतीची किंमत कोणी मोजली, हे येथे पाहावयाचे आहे.

१. आपल्या भाषांतील शब्द

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘अफू’ हा शब्द अरबी ‘अफयून’ आणि त्यामागील ग्रीक शब्दाच्या वाटेने आपल्याकडे आला. फारसीत अफूला ‘तरियाक’ असेही म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ विषावरील उतारा. एकाच पदार्थाला उताराही म्हणावे आणि नशाही, ही दुविधा नावापासूनच सुरू होते.

मराठीतील ‘अंमल’ हा शब्द अधिक बोलका आहे. अरबी ‘अमल’ म्हणजे कृती, काम. मराठीत त्याचे दोन अर्थ झाले : सत्ता आणि नशा. पेशव्यांचा अंमल असतो, तसा अफूचाही अंमल चढतो. ‘अमली पदार्थ’ हा आजचा सरकारी शब्द त्यातूनच आला. उर्दूत व्यसनी माणसाला ‘नशे का आदी’ म्हणतात. ‘आदी’ हा शब्द ‘आदत’चा सोयरा, त्याचा मूळ अर्थ केवळ ‘सवय झालेला’. अरबी ‘इदमान’ या शब्दाच्या मुळाशीही एखादी गोष्ट सतत करीत राहणे एवढाच भाव आहे. उलट संस्कृतातील ‘व्यसन’ म्हणजे संकट, आपत्ती; कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यावरील आपत्तींनाही हाच शब्द आहे.

थोडक्यात, उर्दूने सवयीचा शब्द व्यसनाला लावला, आणि मराठीने आपत्तीचा शब्द सवयीलाही लावून टाकला. सरांच्या घरी जे घडले त्याची बीजे अशी भाषेतच पडली होती.

२. जुन्या हकिमांचे निरीक्षण

इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी ‘अल्-कानून’मध्ये वेदनाशमनाचा विचार करताना वेदनेचे कारण दूर करणारे उपाय आणि केवळ बधिरता आणणारे उपाय असा भेद केला. बधिर करणाऱ्या द्रव्यांत अफू सर्वांत प्रबळ, असे त्यांनी नोंदले. त्याचबरोबर वैद्याने तारतम्य ठेवावे, रुग्णाची शक्ती अधिक काळ टिकेल की वेदना, आणि दोहोंत अधिक घातक काय, याचा विचार करून मगच असे द्रव्य द्यावे, असेही सांगितले. औषध सरसकट त्याज्य नाही आणि सरसकट ग्राह्यही नाही, ही त्यामागील दृष्टी आजही जुनी वाटत नाही.

त्यांचे समकालीन अल्-बेरूनी (९७३-१०४८) यांनी औषधिद्रव्यांवरील आपल्या ग्रंथात उष्ण प्रदेशांतील, विशेषतः मक्केतील, काही लोकांचे वर्णन केले आहे. उन्हाचा ताप सुसह्य व्हावा, झोप गाढ लागावी म्हणून हे लोक रोज अफू घेत. आरंभी अल्प मात्रा, मग वाढवत वाढवत इतरांचा प्राण घेईल एवढी. शरीर हळूहळू सरावते आणि तोच परिणाम मिळण्यास अधिक मात्रा लागते, ही गोष्ट येथे स्पष्ट नोंदली गेली आहे. आजच्या वैद्यकात यालाच सह्यता म्हणतात.

मोगल दरबारातील दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात मद्य व अफूबद्दल आश्चर्य वाटावे इतक्या मोकळेपणाने लिहितो. तरुणपणी मद्याचे पेले वीसवर गेले, हात इतके थरथरू लागले की पेला दुसऱ्याने धरावा लागे. हकिमाने खडसावल्यावर त्याने मद्य कमी केले. शेहेचाळिसाव्या वर्षी आपण दिवसाच्या पाच घटका झाल्यावर आठ रती व रात्रीचा एक प्रहर उलटल्यावर सहा रती अफू घेतो, असा हिशेब तो देतो. त्याच दरबारातील इनायत खान मात्र अफू व मद्याने इतका खंगला, की १६१८ मध्ये त्याला समोर आणले तेव्हा बादशहा थक्क झाला आणि त्याने चित्रकारांना त्याचे चित्र काढण्याची आज्ञा केली. हाडांचा सापळा उरलेल्या इनायत खानाचे ते चित्र आज जगप्रसिद्ध आहे.

जहांगीर निर्व्यसनी होता असे येथे मुळीच सुचवायचे नाही. एवढेच लक्षात घ्यावयाचे की दोघांचीही शरीरे अफूला सरावलेली होती, आणि तरीही दोघांची स्थिती सारखी नव्हती. फरक पदार्थात नव्हता. माणूस आणि पदार्थ यांच्यातील नात्यात होता.

३. माळव्याची अफू आणि १८९३ चा आयोग

आम्हा इंदूरकरांना या इतिहासातून अंग काढून घेता येत नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू आधी दमणमार्गे आणि १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतल्यानंतर प्रामुख्याने मुंबईमार्गे चीनला जाई. पेट्या वजन करून त्यांवर कर घेण्याचे काटे संस्थानी मुलखातील शहरांत होते. इंदूर त्यांतील प्रमुख. येथील अनेक पेढ्यांची भरभराट या व्यापारावर झाली.

इंग्लंडमध्ये अफूविरोधी चळवळ जोर धरू लागली तेव्हा १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमण्यात आला. जुनागढचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई आणि दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह हे त्यातील हिंदी सदस्य. आयोगाने सातशेहून अधिक साक्षी नोंदवल्या व १८९५ मध्ये अहवाल दिला. हिंदुस्थानात असंख्य लोक अफूची ठरावीक मात्रा वर्षानुवर्षे घेतात, कामधंदा करतात, संसार चालवतात. त्यांना व्यसनाने बरबाद झालेल्यांच्या पंगतीला बसवता येणार नाही, असा अनेक साक्षींचा सूर होता. सदस्य सर विल्यम रॉबर्ट्स यांनी वैद्यकीय बाजूचे स्वतंत्र टिपण लिहिले. आयोगाने बंदीची गरज नाही असा निर्वाळा दिला. हेन्री विल्सन या सदस्याने मात्र विरोधी मत नोंदवले.

हे प्रकरण आपल्या विषयाला दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. एक तर सवय आणि बरबादी यांतील भेद सामान्य माणसाच्या अनुभवाला तेव्हाही ठाऊक होता. दुसरे म्हणजे हा खरा भेद एका स्वार्थाच्या कामी आला. अफूचा महसूल सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता, आणि ‘मर्यादित सेवन करणारा सुखी हिंदी माणूस’ हे चित्र त्या महसुलाची ढाल बनले. चीनमध्ये या पेट्यांनी काय केले, हा प्रश्न ढालीआड राहिला. खरा भेदही लबाडीने वापरता येतो, हा धडा शंभर वर्षांनी अमेरिकेत पुन्हा मिळणार होता.

४. सुई आणि मोजमाप

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मन औषधनिर्माता सर्टर्नर याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. १८५० च्या दशकात त्वचेखाली टोचण्याची सुई आली आणि जुनाट वेदनेवर मॉर्फिनची इंजेक्शने सुरू झाली. १८७० मध्येच इंग्लंडचे डॉ. क्लिफर्ड ऑल्बट यांनी शंका उपस्थित केली. मज्जातंतूंच्या दुखण्याचे त्यांचे काही रुग्ण महिनोन्महिने इंजेक्शने घेऊनही बरे होत नव्हते आणि इंजेक्शनविना राहू शकत नव्हते. औषध जी वेदना शमवते आहे, ती मूळची की औषध उतरल्याने उठलेली? हा प्रश्न आजही प्रत्येक वेदनातज्ज्ञाला पडतो. १८७७ मध्ये बर्लिनचे लेव्हिन्स्टाइन यांनी मॉर्फिनच्या हव्यासावर ग्रंथ लिहिला.

पुढे अमेरिकेत १९१४ च्या हॅरिसन कायद्याने या औषधांवर नियंत्रण आले, आणि व्यसनी रुग्ण दवाखान्याऐवजी तुरुंगात दिसू लागला. १९३५ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे व्यसनी कैद्यांसाठी सरकारी रुग्णालय उघडले. तेथे डॉ. हिमेल्सबाख यांनी औषध थांबवल्यावर दिसणाऱ्या लक्षणांना गुण देऊन मोजपट्टी तयार केली : जांभया, घाम, नाक गळणे, अंगावर काटा, उलट्या, ताप.

काम मोलाचे होते. पण एक घोटाळा झाला. जे मोजता आले तेच व्यसन, अशी समजूत रूढ झाली. थांबवल्यावर शरीर तडफडले म्हणजे व्यसन, न तडफडले तर व्यसन नाही. याच मोजमापामुळे कोकेनला १९७० च्या दशकापर्यंत अनेक तज्ज्ञ फारसे धोकादायक मानत नव्हते. कारण ते सोडल्यावर अफूसारखी शारीरिक लक्षणे दिसत नाहीत. पुढे त्याने काय केले ते जगाने पाहिले.

५. एका मताचा निर्णय

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९५७ मध्ये ‘व्यसन’ आणि ‘सवय’ अशा दोन स्वतंत्र व्याख्या केल्या. त्या व्यवहारात टिकेनात. १९६४ मध्ये समितीने दोन्ही शब्द बाजूला सारून ‘अवलंबित्व’ हा एकच शब्द सुचवला. हेतू चांगला होता. व्यसनी या शब्दाला चिकटलेला कलंक पुसावा. पण दोन गोष्टींना एकच नाव मिळाले.

अमेरिकन मानसरोगतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेची १९८७ ची आवृत्ती तयार होत असताना हाच वाद झाला. ‘व्यसन’ म्हणावे की ‘अवलंबित्व’? एका बैठकीत अवलंबित्व हा शब्द अवघ्या एका मताने जिंकला. डॉ. चार्ल्स ओब्रायन, डॉ. नोरा व्होल्काव्ह व डॉ. टी. के. ली यांनी २००६ मध्ये एका संपादकीयातून त्याचे परिणाम मांडले. डॉक्टर रुग्णात शारीरिक अवलंबित्वाची लक्षणे पाहतात, पुस्तिकेतील आजाराचे नावही ‘अवलंबित्व’च असते, ते दचकतात, औषध कमी करतात, आणि ज्याला वेदनाशमनाची गरज आहे तो तळमळत राहतो. म्हणजे सरांच्या घरी जी चूक झाली ती अडाण्यांची चूक नव्हती. ती विद्वानांच्या परिभाषेतही वस्तीला होती.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. २००१ मध्ये वेदनाशास्त्र व व्यसनवैद्यक यांच्या तीन अमेरिकन संघटनांनी सह्यता, शारीरिक अवलंबित्व आणि व्यसन यांच्या तीन स्वतंत्र व्याख्या एकमताने दिल्या. २०१३ च्या निदानपुस्तिकेने ‘अवलंबित्व’ हे आजाराचे नावच काढून टाकले व ‘वापरविकार’ असा शब्द घेतला. त्याचे अकरा निकष आहेत. पण रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध नेमाने घेत असेल तर सह्यता व माघारलक्षणे हे दोन निकष मोजायचे नाहीत, असे तेथे स्पष्ट नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘अवलंबित्व’ हे नाव मात्र कायम आहे. तेथे ताबा सुटणे, पदार्थाला जीवनात अग्रक्रम मिळत जाणे आणि शारीरिक लक्षणे या तिहींपैकी किमान दोन गोष्टी लागतात. सारांश, केवळ शारीरिक लक्षणांवरून आज कोणतीही प्रमाण व्याख्या माणसाला व्यसनी ठरवत नाही.

६. उलट बाजूची चूक

येथवरचे वाचून कोणी म्हणेल, मग वेदनेसाठी औषध घेणाऱ्याला व्यसन लागतच नाही. ही दुसरी चूक, आणि तिने लाखो कुटुंबे उद्ध्वस्त केली.

१९८० मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसताना व्यसन लागल्याची नोंद केवळ चौघांबाबत आढळली, असे त्यात होते. हे रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते. घरी वर्षानुवर्षे औषध घेणारे नव्हते. पत्राने जे तपासलेच नव्हते ते त्याच्या नावावर खपवले गेले. २०१७ च्या एका पाहणीत त्या पत्राचे ६०८ उल्लेख आढळले. त्यांतील ७२ टक्के उल्लेखांत ‘व्यसन दुर्मीळ’ याचा पुरावा म्हणून ते वापरले होते. संदर्भ तपासल्याविना पुढे ढकलण्याची खोड आपणा अध्यापकांना अपरिचित नाही.

१९८९ मध्ये ‘आभासी व्यसन’ अशी संज्ञा आली. वेदना पुरेशी न शमल्यामुळे रुग्ण वारंवार औषध मागतो व तो व्यसनी असल्याचा भास होतो, असे एका सतरा वर्षांच्या ल्युकेमियाग्रस्त मुलाच्या उदाहरणावरून मांडले गेले. मूळ निरीक्षण माणुसकीचे होते. पुढे औषधकंपन्यांनी त्याचा अर्थ असा पसरवला की रुग्ण अधिक मागत असेल तर त्याला अधिक द्यावे. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे औषध बाजारात आले आणि त्याचा धोका कमी असल्याचा जोरदार प्रचार झाला. २००७ मध्ये पर्ड्यू कंपनीशी संलग्न कंपनीने व तिच्या तीन अधिकाऱ्यांनी दिशाभूल करणाऱ्या प्रचाराबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. १८९५ च्या अहवालातील युक्ती हीच होती. अवलंबित्व म्हणजे व्यसन नव्हे, या खऱ्या विधानाआड खरे व्यसन लपवले गेले.

प्रत्यक्ष प्रमाण किती? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या लेखात जुनाट वेदनेसाठी ही औषधे घेणाऱ्यांत व्यसनाचे प्रमाण सरासरी ८ ते १२ टक्के आढळले. दुर्मीळ म्हणावे इतके कमी नाही. आणि दहांपैकी नऊ जणांवर संशय घ्यावा इतके अधिकही नाही.

मग लंबक पुन्हा फिरला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मर्यादांची मार्गदर्शिका काढली; ती कित्येक ठिकाणी आंधळेपणाने राबवली गेली व वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या रुग्णांची औषधे एकाएकी तोडण्यात आली. २०१९ मध्ये तेथील औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला की अशा रुग्णांचे औषध अचानक थांबवल्याने तीव्र माघारलक्षणे, असह्य वेदना व आत्महत्येचे प्रसंगही ओढवले आहेत. २०२२ मध्ये मार्गदर्शिका सुधारण्यात आली.

७. आपला कायदा

आपल्याकडील कथा वेगळ्या वळणाची आहे. भारत हा कायदेशीर अफूचा जगातील प्रमुख उत्पादक. नीमच येथील सरकारी अफू कारखाना इंदूरपासून काही तासांच्या अंतरावर आहे. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर देशातील वैद्यकीय मॉर्फिनचा वापर १९९७ पर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. अनेक परवाने, कडक शिक्षा आणि भीती, यांमुळे औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. ज्या प्रांतात खसखशीची शेते फुलतात तेथेच कर्करोगाचा रुग्ण वेदनेने विव्हळत मरू लागला.

या कायद्यातील एक व्याख्या भाषेच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावी. २००१ च्या दुरुस्तीनंतर ‘व्यसनी’ म्हणजे गुंगीकारक औषधावर अवलंबित्व असलेली व्यक्ती, अशी व्याख्या करण्यात आली. हेतू उपचाराची वाट मोकळी करण्याचा होता. पण शब्द तोच आला ज्याने परदेशात गोंधळ घातला होता. अक्षरशः वाचले तर आमचे सरही या व्याख्येत बसू शकतात.

केरळने वेगळा मार्ग दाखवला. १९९३ मध्ये कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व सहकाऱ्यांनी वेदना व उपशामक उपचारांची संस्था उभारली आणि घरी राहणाऱ्या रुग्णांना तोंडाने घेण्याचे मॉर्फिन देण्याची व्यवस्था बसवली. दोन वर्षांत उपचार घेतलेल्या १,७२३ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात औषध काळ्या बाजारात गेल्याचे वा गैरवापराचे उदाहरण आढळले नाही. यातील बहुसंख्य रुग्ण कर्करोगाचे होते, म्हणून हा निष्कर्ष कंबरदुखीच्या रुग्णावर जसाच्या तसा लावता येणार नाही. पण भीती आणि वस्तुस्थिती यांत किती अंतर असू शकते ते यातून दिसते. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक गुंगीकारक औषधांसाठी परवान्याची पद्धत देशभर एकसारखी व सोपी करण्यात आली.

दुसरी बाजूही नाकारता येत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.०६ टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ वापरत होते व सुमारे ७७ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती. ट्रॅमाडोल हे वेदनाशामक २०१८ मध्ये याच कायद्याखाली आणावे लागले.

८. भेद कसा ओळखावा

या इतिहासातून काही कसोट्या हाती येतात. निदान डॉक्टरांनीच करावयाचे. पण घरातल्यांना व शिक्षकांना प्रश्न तरी योग्य पडले पाहिजेत.

पहिली कसोटी : लक्षणे केव्हा दिसतात? शारीरिक अवलंबित्व औषध थांबल्यावर दिसते. व्यसन औषध चालू असतानाही दिसते. काही आठवडे नियमित औषध घेणाऱ्या बहुतेक सर्वांच्या शरीरात अवलंबित्व येते. कॉर्टिसोनवर्गीय औषधे, रक्तदाबाची व नैराश्याची काही औषधे अचानक सोडली तरी त्रास होतो. त्या रुग्णांना आपण व्यसनी म्हणत नाही.

दुसरी : ताबा कोणाचा? ठरलेली मात्रा ठरलेल्या वेळी घेणारा औषधाला आपल्या दिनक्रमात बसवतो. महिन्याच्या गोळ्या दहा दिवसांत संपणे, ‘गोळ्या हरवल्या’ असे वारंवार सांगणे, एकाला न सांगता दुसऱ्या डॉक्टरकडून औषध घेणे, गोळी चुरडून घेणे, ही ताबा सुटल्याची चिन्हे होत. अशी चिन्हे दिसली तर ‘वेदना असेल’ म्हणून डोळेझाक करू नये, आणि शिक्षाही करू नये, डॉक्टरांना सांगावे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : आयुष्य रुंदावते आहे की आक्रसते आहे? औषधामुळे माणूस चालू लागला, झोपू लागला, घरच्यांत बसू लागला, तर औषध त्याच्या सेवेत आहे. काम, नाती, इतर आवडी एकेक गळून पडून केवळ पुढच्या मात्रेचा विचार उरला, आणि नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही, तर तो औषधाच्या अंमलाखाली आहे.

दोन गोष्टी वेगळ्या असल्याचा पक्का पुरावा उपचारांतूनच मिळतो. व्यसनावरील उपचार म्हणून मेथाडोन वा ब्युप्रेनॉर्फिन नेमाने घेणारा माणूस शरीराने अवलंबून असतो. पण नोकरी करतो, संसार सावरतो, व्यसनातून बाहेर आलेला असतो. उलट महिनाभर बंद राहून शरीर स्वच्छ झालेला व्यसनी अवलंबून नसतो, पण व्यसन संपलेले नसते. तो पुन्हा जुन्या मात्रेकडे वळला तर सह्यता ओसरलेली असल्यामुळे जीव गमावू शकतो.

अर्थात ही भिंत दगडी नाही. एखाद्या रुग्णात दोन्ही एकत्र असू शकतात, एकातून दुसरे उद्भवू शकते. पूर्वीचे व्यसन, मानसिक आजार, वाढत्या मात्रा यांनी धोका वाढतो. म्हणून एकदा तपासून भागत नाही; पुन्हा पुन्हा पाहावे लागते. आणि औषध थांबवायचे झाल्यास ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने थांबवावे. एकाएकी तोडू नये.

समारोप

दरवर्षी २६ जूनला आपल्या महाविद्यालयांत अमली पदार्थविरोधी दिन साजरा होतो. शपथ होते, भाषणे होतात. ‘सोडल्यावर त्रास झाला की समजा व्यसन लागले’ हे वाक्य मीही त्या व्यासपीठावरून उच्चारले आहे. ते ऐकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी आजी कर्करोगाने आजारी असेल आणि त्या वाक्यामुळे तिची गोळी बंद झाली असेल, तर त्या दोषातला काही वाटा माझा आहे. समोरच्याच रांगेत एखादा मुलगा खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या लपवत असेल, त्रास अजून सुरू न झाल्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे समजत असेल, तर त्यालाही त्या वाक्याने फसवले.

आपण डॉक्टर नाही. पण शब्द आपल्या हातात आहेत. पाठ्यपुस्तकांत, भित्तिपत्रकांत, भाषणांत ‘शारीरिक अवलंबित्व’ आणि ‘व्यसन’ हे शब्द वेगळे ठेवणे, उर्दूत ‘जिस्मानी इनहिसार’ आणि ‘नशे की लत’ यांत भेद करणे, एवढे तरी आपल्याला करता येईल.

सरांचे उत्तर माझ्याकडून बरेच उशिरा गेले. मी त्यांना म्हटले, ‘सर, तुमच्या शरीराला सवय झाली आहे. अंमल अजून तुमचाच आहे.’ ते हसले आणि नातवाचा सबक ऐकायला वळले.